दोनदा मोजलेली माणसं

पेन्सिलबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इस्पितळात आता कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. आनुवंशिक आजारांच्या विभागात, तळमजल्याच्या अगदी टोकाला, रक्ताचे नमुने ठेवायच्या फ्रीजच्या रांगेपलीकडे त्यांची खोली होती. खोली कसली, खिडकी असलेलं कपाटच ते. तिथे बसून त्या एकवीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. एखाद्या माणसाच्या जनुकात सापडलेला बदल त्याला आजारी पाडणारा आहे, की नुसताच तिथे बसलेला आहे, हे ठरवायचं.

ऐकायला हे काम मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते धान्य निवडण्याइतकंच कंटाळवाणं आहे. प्रत्येकाच्या जनुकांत लाखो बदल असतात आणि त्यातले जवळपास सगळे गालावरच्या तिळाइतके निरुपद्रवी. एखादाच असा निघतो, की तो पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या मुळावर उठतो. तो ओळखायचा तर पुरावे गोळा करायचे, मोजायचे आणि मग पाचातला एक शेरा द्यायचा: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. शेऱ्याखाली सही बाईंची. तो शेरा पुढे कुणाच्या पोटावर सुरी चालवतो आणि कुणाला निवांत झोपवतो, हे बाईंना कागदावरच कळे. या खुर्चीवर आल्यापासून रोग्यांसमोर जायची त्यांना कधी वेळच आली नव्हती.

त्या मूळच्या नोंदणी खात्यातल्या कारकून. रोग्यांना विचारून त्यांच्या घराण्याचा तक्ता काढायचं काम त्यांच्याकडे आलं ते केवळ अक्षर सुरेख म्हणून. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळं करायचं, वारलेला असेल तर तिरकी रेघ मारायची. तक्ते काढता काढता बाईंना त्यातलं गणित कळायला लागलं, मग त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आणि पस्तिसाव्या वर्षी, पदरात दोन पोरं असताना, परीक्षा देऊन त्या या खुर्चीवर आल्या. संगणक आले, तक्ते आपोआप निघायला लागले, तरी बाई सही करण्याआधी प्रत्येक तक्ता पेन्सिलीने स्वतः पुन्हा काढायच्या. हाताने काढलं की डोक्यात शिरतं, असं त्यांचं म्हणणं. विभागातली तरुण मंडळी हसायची आणि पेन्सिलबाई म्हणायची.

स्वभावाने बाई शंकेखोर. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, बाईंचं तोंड कधी पोळलं नव्हतं तरी त्या पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायच्या आणि जिन्यावरून एकदा परत यायच्या. नात्यातल्या लग्नाला गेल्या की दागिने, साड्या काही दिसायचं नाही त्यांना. नवरीकडची दोन माणसं चाळिशीत कशाने गेली, एवढं मात्र त्या काढून घ्यायच्या. त्यांचा नवरा गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. तो म्हणायचा, हिला स्वर्गात नेलं तर दारावरच विचारेल, इथे येण्याआधी तुमच्याकडे कोण कोण आजारी होतं.

तर अशा या बाईंकडे एका गुरुवारी सकाळी एक अगदी साधा कागद आला. एकतीस वर्षांचा एक बसचालक. येत्या मंगळवारी त्याचं जठर, म्हणजे अख्खं पोटच, काढून टाकायचं ठरलं होतं. तो आजारी नव्हता. त्याची आई आणि मामा जठराच्या कर्करोगाने पन्नाशीच्या आगेमागे गेले होते आणि आईकडून आलेला बदल त्याच्या जनुकात सापडला होता. असला कर्करोग जठराच्या अस्तरात लपून पसरतो, दुर्बिणीतून बघितलं तरी हाती लागत नाही. म्हणून पोट आधीच काढायचं. त्याच्या थोरल्या बहिणीने तीन वर्षांपूर्वी तेच करून घेतलं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फक्त चालू तारखेचा अहवाल हवा होता, कारण जुन्याला चार वर्षं झाली होती. विभागप्रमुखांनी कागदावर लिहिलं होतं, तारीख बदलून पाठवा.

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं.

आजोबांचा चौकोन. त्यांची दोन लग्नं, म्हणून दोन्ही बाजूंना रेघा. पहिलीला थोरली मुलगी, मग जुळे मुलगे, त्यातला एक तीन दिवसांत गेलेला, मग धाकटी मुलगी. दुसरीला एकच मुलगा. जुळ्यांतला जगला तो मामा, काळा चौकोन. धाकटी ती आई, काळं वर्तुळ. थोरली मावशी पांढरी, बाजूला प्रश्नचिन्ह, कारण तिने तपासणी करून घेतली नव्हती. मामाच्या मुलीपुढे 'माहिती नाही' असं लिहिलेलं. मामा गेल्यावर मामी मुलीला घेऊन दूरच्या गावी निघून गेली आणि संबंध तुटले, एवढीच नोंद. बाईंनी हे चित्र चार वर्षांपूर्वीही काढलं होतं. हात पुढे पुढे आपोआप जात होता.

चार वर्षांपूर्वी या बदलाला 'बहुधा रोगकारक' शेरा बाईंनीच दिला होता, आणि तो मुख्यतः एका मोजणीवर उभा होता. हाच बदल आणि हाच आजार तीन असंबंधित कुटुंबांत. एक हे, एक परदेशातल्या शोधनिबंधातलं आणि एक दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाने पाठवलेलं. एका घरात दोन माणसं आजारी पडली तर तो योगायोग असू शकतो. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन घरांत तेच घडलं, की योगायोग म्हणायची सोय राहत नाही. अहवालात शब्द होते, 'तीन असंबंधित कुटुंबे'. अक्षर बाईंचं.

आता पेन्सिल हातात होतीच, म्हणून त्यांनी दुसऱ्या शहराचा तक्ताही काढायला घेतला. खरं तर त्याची काही गरज नव्हती. त्या तक्त्यावर नावं नव्हती, कधीच नसतात. रोग्याची ओळख फुटू नये म्हणून प्रत्येक इस्पितळ नावं खोडून आपापले आकडे देतं. तपासणीला आलेली तरुण बाई, तिचे वडील काळा चौकोन, वय 'पन्नाशीनंतर'. वडिलांची बहीण काळं वर्तुळ, वय 'पन्नाशीच्या आत'. माणसांना घरातल्या मेलेल्यांची वयं कुठे नेमकी आठवतात. वडील जुळ्यांतले, जोडीदार लहानपणीच गेलेला. आजोबांची दोन लग्नं.

बाईंचा हात थांबला.

भावंडं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे मांडायची, हा नियम. त्या दुसऱ्या इस्पितळातल्या कुणीतरी ती बाई सांगत गेली तशी मांडली होती, धाकट्यापासून उलटी. बाई उठल्या, दोन्ही कागद घेऊन खिडकीशी गेल्या, एक कागद पालथा केला आणि दुसऱ्यावर ठेवून काचेला लावला. उन्हात दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली. एकीचा बाप तो दुसरीकडचा मामा, आणि या पोरांची आई ती त्या बाईची आत्या. घरातल्या कुणाही पोराला विचारलं असतं तर त्याने एका दमात सांगितलं असतं, ही तर आमची मामेबहीण. पण कागदावर मामा नव्हता आणि आत्याही नव्हती, नुसते चौकोन आणि वर्तुळं होती. दोन माणसांचे आजार बाईंनी चार म्हणून मोजले होते.

त्या परत खुर्चीत येऊन बसल्या, आणि बसल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या तक्त्यातल्या थोरल्या आत्याच्या पांढऱ्या वर्तुळाशेजारी बारीक अधिकचं चिन्ह होतं. म्हणजे तिची तपासणी झाली होती, तिच्यात हाच बदल होता आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती आणि आजार पुढे कधीतरी होईल असं धरून तिला मोजणीतून सोडून दिलं होतं. या भावंडांची प्रश्नचिन्हवाली मावशी ती हीच; तिने भाचीच्या गावी तपासून घेतलं होतं आणि इकडे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी घाईघाईने धडधाकट माणसांच्या जनुकांचे नवे तक्ते उघडले. चार वर्षांपूर्वी हा बदल तिथे एकाही माणसात नव्हता. आता तक्ते दहापट मोठे झाले होते आणि त्यात हा बदल घेऊन अकरा माणसं बसली होती, त्यातली सात साठीपुढची.

मग त्यांनी जो कागद काढायला नको असं वाटत होतं तोच काढला. बहिणीच्या काढलेल्या जठराचा तपासणी अहवाल. अशा घराण्यातलं जठर काढून बारीक काप करून बघितलं, की कुठे ना कुठे कर्करोगाच्या पेशींचं छोटंसं घरटं जवळजवळ नेहमीच सापडतं. तिच्या जठराचे दोनशे चाळीस काप केले होते. काही सापडलं नव्हतं. तेव्हा सगळा विभाग खूष झाला होता. अगदी वेळेत काढलं, नशीबवान आहे, असं जो तो म्हणाला होता. कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या बाईंनी ती चांगली बातमी मात्र एकदाही ओढून बघितली नव्हती, फाइलला लावून टाकली होती.

विभागप्रमुख मनाने वाईट नव्हते, पण नऊ समित्यांवर असलेल्या माणसाला दहावं लफडं नको असतं. त्यांनी कागद दोनदा खिडकीला लावून बघितले आणि मग विचारलं, की चौकोन-वर्तुळं जुळली म्हणून माणसं तीच कशावरून. प्रश्न रास्त होता. बाईंनी उपायही सांगितला: दुसऱ्या इस्पितळाने नाव देऊ नये, फक्त त्या बाईच्या जनुकांचे आकडे पाठवावेत. आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा सारखा असतो, तो लपत नाही. प्रमुख म्हणाले, पत्र पाठवू, आठवड्याभरात येईल.

"मंगळवारी पोट काढतायत त्याचं," बाई म्हणाल्या. "पत्र नको. आत्ता फोन करा, माझ्यासमोर."

त्यांनी केला. असं बोलायची बाईंची ही एकवीस वर्षांतली पहिलीच वेळ होती.

शुक्रवारचा दिवस फोनकडे बघण्यात गेला. जीव टांगणीला लागला होता आणि दोरी दोन्हीकडून ताणलेली होती. आपण गप्प बसलो तर एका धडधाकट माणसाचं पोट जाणार. आपण थांबवलं, आणि तो बदल खरोखरच मारणारा निघाला, तर हा माणूस चाळिशीत तडफडून जाईल आणि त्याच्याही कागदाखाली सही आपलीच असेल. बाईंनी दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, की आपण वर्गात एकच बेरीज दोनदा करायला लावायचा आणि पोरं पहिल्या वेळचंच उत्तर उतरवून काढायची. बाईंना त्याचा राग आला, कारण त्यांनी नेमकं तेच केलं होतं.

संध्याकाळी उशिरा आकडे आले होते. शनिवारी सकाळी त्यांनी ते जुळवले. साडेबारा टक्क्यांच्या अगदी जवळ. आते-मामे भावंडं.

शनिवारीच समिती बसली. तिनाची दोन कुटुंबं झाली, मावशी, अकरा धडधाकट माणसं, स्वच्छ निघालेलं जठर, सगळं तराजूत टाकल्यावर शेरा 'अनिश्चित' झाला, तोही निरुपद्रवीकडे झुकणारा. आई आणि मामा कशाने गेले ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. दोघं एकाच घरात वाढले, जठरात जुना जंतुसंसर्ग असेल, आणखी काही असेल. बसचालकाचं पोट काढायचं नाही, दरवर्षी दुर्बिणीने बघत राहायचं, असं ठरलं. बहिणीचं काय, असं बाईंनी विचारलं. प्रमुख म्हणाले, तिला रीतसर पत्र जाईल, आधी वकिलांना विचारावं लागेल, महिना-दोन महिने लागतील, तोवर कुणी काही बोलायचं नाही.

सोमवारी सकाळी भाऊ-बहीण आले. भाऊ शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीला म्हणून आला होता. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. बहीण बाहेर बाकावर बसली. बाईंनी जिन्याच्या दारातून तिला पाहिलं. छत्तिशीची, पोस्टातली कारकून, अंगावरचे कपडे दोन मापं मोठे वाटावेत इतकी वाळलेली. हे वर्तुळ बाईंनी कितीदा तरी काढलं होतं. त्याला चेहरा असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

महिना-दोन महिने. आत बसलेला भाऊ पाच मिनिटांत बाहेर येणार होता आणि तो काही दुधखुळा नव्हता. बाई बाकाशी गेल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी आपण कोण ते सांगितलं. भावाची शस्त्रक्रिया होणार नाही हेही सांगितलं. बहिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनेच भावाला वर्षभर समजावून तयार केलं होतं. सवय होते रे, थोडं थोडं खायचं, मी नाही का जगत, असं म्हणून म्हणून.

मग तिने हात खाली घेतले. "का नाही होणार? बदल तर तोच आहे ना, माझ्यातला?"

बाईंनी सांगितलं. एकच घराणं आपण दोनदा मोजलं, तुमची मामेबहीण आपण परकी धरली. शेरा माझा होता, सही माझी होती. माफ करा म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण समोर बसल्यावर ते शब्द फार स्वस्त वाटले.

बहीण समोरच्या भिंतीकडे बघत होती. "म्हणजे माझं पोट चांगलं होतं."

"हो."

"मला तेव्हाच कळायला हवं होतं. स्वच्छ निघालं म्हणाले, आणि मी आनंदाने रडले." ती थांबली. मग एकदम बाईंचा हात धरून म्हणाली, "त्याला हे सांगू नका. माझ्यासमोर त्याला घास जाणार नाही. माझं वेगळं होतं म्हणून सांगा. तुमचं ऐकेल तो."

बाई काही बोलायच्या आतच दार उघडलं. भाऊ बाहेर आला तो रडत आणि हसत. काढायचं नाही म्हणाले ताई, दरवर्षी फक्त बघायचं म्हणाले. त्याने तिला उठवून मिठी मारली, आणि त्या मिठीतच, तिची हाडं हाताला लागल्यावर, तो गप्प झाला.

"मग तुझं?"

"माझं वेगळं होतं," बहीण म्हणाली. "विचार यांना."

दोघांनी बाईंकडे बघितलं. हो म्हणणं किती सोपं होतं. तेवढ्याने त्या बिचारीचं मन राखलं गेलं असतं, प्रमुखांची सोय झाली असती आणि बाईंच्या पदरातलं निखाऱ्याचं ओझं थोडं हलकं झालं असतं. पण असलीच वाक्यं पुढे तक्त्यात उतरतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. हा उद्या आपल्या पोरांना सांगेल, आत्याचं वेगळं होतं, तिला खरंच होतं. ती पोरं कुठल्या तरी इस्पितळात तेच सांगतील आणि कुणीतरी ते पांढरं वर्तुळ काळं करून टाकील. मग पुन्हा मोजणी होईल.

"वेगळं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुमचं आणि ताईचं एकच. तिचं काढायला नको होतं. चूक माझी आहे."

बहिणीने त्यांचा हात सोडून दिला. एवढं तरी राहू द्यायचं होतंत, असं ती अगदी हळू म्हणाली, आणि त्यात इतका तिरस्कार होता की बाईंनी मान खाली घातली.

भाऊ बाकावर बसला. त्याने बहिणीकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि हट्टी पोरासारखा म्हणाला, "मग माझंही काढा. उद्याचीच तारीख आहे ना, काढून टाका."

"गाढवा," बहीण म्हणाली. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा. "घरात एकाला तरी पोटभर जेवू दे."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःसाठी रडायला लागली. बाईंनी उठून जायचं म्हटलं, तर तिने न बघताच हाताने त्यांना बसा म्हणून खुणावलं. बाई बसल्या.